मुलांच्या डोक्यातील उवा

उवांविषयी चारचौघांत बोलण्याची आपली रीत नाही. ज्या घरात मुलांच्या पडशाखोकल्याची चर्चा मोकळेपणाने चालते, त्याच घरात मुलीच्या डोक्यात ऊ सापडली की आवाज खाली येतो. या लाजेचा जाच मुलांना उवेच्या चाव्याहून अधिक होतो, असे मला वाटते. म्हणून या क्षुद्र जीवाची नीट ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

इस्राएलमधील लाखीश या प्राचीन नगरीच्या अवशेषांत एक हस्तिदंती फणी मिळाली. ती इ. स. पूर्व १७०० च्या सुमाराची असावी. तिच्यावर कोरलेली सतरा अक्षरे उलगडल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. केसांतील व दाढीतील उवा निघून जाव्यात, एवढीच इच्छा त्यांत व्यक्त झाली आहे! हस्तिदंताची फणी बाळगणारा मनुष्य काही दरिद्री नसणार. ऊ ही गरिबीची वा अस्वच्छतेची खूण, हा समज तेव्हाही खोटाच होता. उवेला हवे असते ते रक्त. ते न्हालेल्या डोक्यातही मिळते आणि न न्हालेल्या डोक्यातही.

ऊ तिळाएवढी, दोन-तीन मिलिमीटर लांबीची असते. तिला पंख नाहीत; तिला उडी मारता येत नाही. सहा पायांच्या आकड्यांनी केस धरून ती चालते, आणि एका डोक्याला दुसरे डोके लागले म्हणजे पलीकडे जाते. एका पुस्तकात डोकी घालून बसणाऱ्या, एका अंथरुणावर निजणाऱ्या मुलांत तिचा प्रसार होतो तो यामुळे. डोक्यावरून खाली पडलेली ऊ बहुधा एकदोन दिवसांत मरते. तेव्हा सारे घर धुऊन काढण्याचा खटाटोप करण्याचे कारण नाही.

खाजेवर मात्र फार विसंबू नये. खाज सुटते ती उवेच्या लाळेमुळे, आणि पहिल्या खेपेस ती जाणवण्यास चार ते सहा आठवडेही लागतात. पाहायचे ते मानेवर आणि कानांमागे. केसाला चिकटलेला पांढुरका कण बोटाने सहज निघाला तर तो कोंडा. निघता निघत नसेल तर ती लीख. पण लीख दिसली म्हणजे ऊ आहेच असेही नव्हे. मादी टाळूलगत अंडी चिकटवते, ती आठदहा दिवसांत फुटतात, आणि रिकामे कवच केसाबरोबर वाढत दूर जाते. टाळूपासून बोटभर अंतरावरची लीख बहुधा रिकामी असते. खरा पुरावा एकच : चालणारी ऊ. केस ओले करून किंवा त्यांना तेल लावून, खाली पांढरे फडके पसरून, दाट दातांच्या फणीने बटबट विंचरावी. आपल्या आज्या हेच करीत, आणि परीक्षेची याहून चांगली पद्धत अद्याप निघालेली नाही.

ऊ आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने पर्मेथ्रिनसारखे औषध लावता येते. लिखांवर त्याचा पुरता अंमल होत नाही, म्हणून नऊदहा दिवसांनी ते पुन्हा लावावे लागते. रॉकेल किंवा पिकांवर फवारण्याचे विष मुलांच्या डोक्याला कदापि लावू नये. एकाने भाजण्याचे भय, दुसऱ्याने प्राणाचे. ऊ तर प्राण घेत नाही. प्रलापक ज्वर पसरवते ती अंगावरच्या कपड्यांत राहणारी ऊ, डोक्यातली नव्हे.

राहिला शाळेचा प्रश्न. ‘उवा असलेल्या मुलांस वर्गात बसू देऊ नये’ असा हुकूम काढणे सोपे असते; कागदांच्या सहवासात आयुष्य घालविलेला मनुष्य हे जाणतो. परंतु ऊ सापडते तेव्हा ती त्या डोक्यात बहुधा महिनाभर राहिलेली असते. त्याच दिवशी मुलीला घरी धाडल्याने वर्गाचे रक्षण होत नाही. तिचा पाठ मात्र बुडतो, आणि साऱ्या वर्गाला कारण कळते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही उवांपायी मुलांची शाळा बुडवू नये असाच सल्ला दिला आहे. बाईंनी तिच्या आईला एकांतात सांगावे, त्या संध्याकाळी घरातल्या सर्वांची डोकी पाहिली जावीत, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी आपल्या नेहमीच्या बाकावर असावी.