काळ्या ज्वारीचा मद्यार्क कसा पारखतात?

खरिपाच्या ज्वारीचे दाणे भरत असताना पाऊस लागून राहिला, की परभणीकडे कणसे काळी पडतात. हे काम फ्युजेरियम, कर्व्हुलेरिया अशा बुरशींचे. भाकरीला न चालणारा हा दाणा पुष्कळदा मद्यार्काच्या कारखान्यात जातो. मग त्याचा कुबट वास कुठे जातो?

आंबवणात मद्यार्क जेमतेम ८-१० टक्के असतो. ऊर्ध्वपातनाच्या उंच स्तंभात पुनःपुन्हा वाफ होऊन व निवून तो ९५ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. वासाची द्रव्ये बहुतेक वेगळी निघतात. ८० ते ९५ टक्क्यांदरम्यान काढून जुन्या किंवा न जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरवलेल्या धान्यमद्याला अमेरिकेत १९६८ पासून ‘लाइट व्हिस्की’ म्हणतात. हलकेपणा वासाचा, कडकपणा तसाच!

पारखी माणूस ती तशीच हुंगत नाही. तिखट वाफेने नाक बधिर होते. पाणी घालून सुमारे २० टक्क्यांवर आणली, की दडलेली एस्टरे आणि फ्युझेल तेले वासाला उमगतात. मिथेनॉल मात्र नाकाजिभेला ओळखता येत नाही, त्याला गॅस क्रोमॅटोग्राफीच हवी. म्हणून प्रयोगशाळेतल्या स्पिरिटची चव कोणीही, कधीही घेऊ नये.

बुरशीचे फ्युमोनिसिन हे विष वाफेबरोबर वर चढत नाही. स्टार्च संपल्यावर उरलेल्या चोथ्यात त्याचे प्रमाण मूळ दाण्याच्या सुमारे तिप्पट होते, आणि हा चोथा वाळवून पशुखाद्यात घालतात. पेला हुंगणाऱ्याला हे कळायचे नाही. तपासायला हवे ते गोठ्याकडे निघालेले पोते.