पुरवणी घ्यावी की न घ्यावी?

काही काळापूर्वी आमच्या बंगळुरूच्या शाखेत एक परिचित मराठी खातेदार आले. "साहेब, कार्डावरील परदेशी व्यवहाराची सोय सुरू करावयाची आहे. चिरंजीवांना व्हिडिओ गेमचे एक्सपान्शन हवे आहे," ते म्हणाले आणि क्षणभर थांबून पुढे म्हणाले, "मूळ गेम घरात आहेच. मग त्यावर पुन्हा खर्च करावा की नाही, हे ठरवायचे कसे, तेवढे मात्र सांगा." कार्डाचे काम दोन मिनिटांत झाले, प्रश्नाच्या उत्तरास अर्धा तास लागला. हा प्रश्न आज अनेक घरांत उपस्थित होत असल्याने त्या चर्चेचे सार येथे देत आहे.

एक्सपान्शन म्हणजे मूळ खेळाला जोडावयाची पुरवणी. वर्तमानपत्राची पुरवणी अंकासोबत विनामूल्य येते. ही मात्र बहुधा वेगळे दाम मोजून घ्यावी लागते आणि मूळ खेळाशिवाय सहसा चालत नाही. 'एज ऑफ एम्पायर्स' या प्रसिद्ध खेळाचा दुसरा भाग १९९९ मध्ये आला आणि २००० मध्ये 'द कॉन्करर्स' ही त्याची पुरवणी आली. तीत पाच नव्या संस्कृती होत्या. २०१९ मध्ये त्याच खेळाची नवी आवृत्ती निघाली आणि एप्रिल २०२२ मध्ये तिला 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' ही पुरवणी जोडली गेली. आमच्या खातेदारांच्या चिरंजीवांची मागणी हीच होती.

मूळ खेळ वापरून झाला आहे का?

पहिला प्रश्न पुरवणीविषयी नसून मूळ खेळाविषयी आहे. २०१९ च्या आवृत्तीत प्रारंभीच ३५ संस्कृती आणि वीसहून अधिक मोहिमा होत्या. त्यांतील किती खेळून झाल्या? खेळ 'स्टीम'वरून घेतला असल्यास किती तास खेळला गेला, याची नोंद तेथे असते. खात्याचे पासबुक पाहावे तशी ती पाहावी. निम्म्याहून अधिक मोहिमा शिल्लक असतील, तर नव्या खेळाचा साठा घरातच पडून आहे असे समजावे.

येथे एक चूक हमखास होते. "मूळ गेमवर एवढे पैसे घातले, आता पुरवणी नको म्हणून कसे चालेल?" असा युक्तिवाद केला जातो. वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकविले जाते की, झालेला आणि परत न मिळणारा खर्च पुढील निर्णयात धरू नये. पाहावयाचे ते एवढेच : या नव्या रुपयांतून नवे काय मिळणार?

पुरवणीत नेमके काय आहे?

शीर्षकावर जाऊ नये, अनुक्रमणिका पाहावी. 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' हे नाव ऐकून चिरंजीवांनी त्यात मराठे असणार असे गृहीत धरले होते. शहाजीराजांची जहागीर असलेल्या बंगळुरूत वाढणाऱ्या मराठी मुलाला तसे वाटणे स्वाभाविकच. परंतु या खेळाचा काळ मुख्यतः मध्ययुगाचा. पुरवणीत बंगाली, द्रविड आणि गुर्जर या तीन नव्या संस्कृती आहेत, आणि राजेंद्र चोळ, देवपाल व बाबर यांच्या तीन मोहिमा. छत्रपती शिवाजी महाराजांचा काळ त्यानंतरचा. हे खरेदीपूर्वी कळले तर ती माहिती ठरते, खरेदीनंतर कळले तर निराशा.

आपल्याजवळील यंत्रावर पुरवणी चालेल का, हेही याच वेळी पाहावे. 'सायबरपंक २०७७' हा खेळ २०२० मध्ये प्लेस्टेशन ४ साठीही निघाला होता. त्याची २०२३ ची 'फँटम लिबर्टी' ही पुरवणी मात्र त्या यंत्रासाठी आलीच नाही.

ताशी खर्च किती?

समजा, पुरवणीची किंमत ६०० रुपये आहे. तिन्ही मोहिमांचे मिळून पंधरा टप्पे आणि प्रत्येकास सरासरी एक तास धरला, तर ताशी खर्च ४० रुपये. मुलाने पाचच टप्पे खेळून कंटाळा केला, तर तोच खर्च १२० रुपये. उलट मित्रांसमवेत दर आठवड्यास दोन तास याप्रमाणे वर्षभर खेळ झाला, तर तो सहा रुपयांच्या आत येतो. किंमत एकच, मूल्य मात्र वापरावर ठरते. म्हणून तासांचा अंदाज मुलाने स्वतः लिहून द्यावा आणि पालकांनी तो जपून ठेवावा. पुढच्या मागणीच्या वेळी तोच कागद उपयोगी पडतो.

घाई कशाची?

"सगळ्या मित्रांकडे आहे, मी एकटाच राहीन," ही मुलाची खरी चिंता होती आणि ती क्षुल्लक मानू नये. 'कॉन्करर्स'च्या काळात पुरवणी नसलेल्यास ती असलेल्यांच्या डावात सामील होता येत नसे. नव्या आवृत्तीत तसे नाही. पुरवणी न घेतलेला खेळाडूही मित्रांच्या डावात बसू शकतो. फक्त नव्या संस्कृती त्याला स्वतःसाठी निवडता येत नाहीत. हे समजताच घाईचे कारण उरले नाही. अशा पुरवण्या सणासुदीच्या विक्रीत अनेकदा बऱ्याच स्वस्त मिळतात, त्यामुळे थांबण्यातही लाभच असतो.

पैसे देताना

किंमत रुपयांत असेल आणि यूपीआयची सोय असेल, तर परदेशी व्यवहार सुरू करण्याची गरजच पडत नाही. गरज पडल्यास ती सोय तेवढ्यापुरती सुरू करावी, मर्यादा लहान ठेवावी आणि खरेदी होताच बंद करावी. परदेशी विक्रेता ओटीपी विचारेलच असे नाही. म्हणून मुलांच्या यंत्रावर कार्ड जोडून ठेवू नये. अनोळखी विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत 'की' घेण्याच्या मोहात पडू नये. फसवणूक झाल्यास विलंब न करता बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावे. स्टीमवर सर्वसाधारणपणे खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत, आणि पुरवणी घेतल्यापासून मूळ खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास, परतावा मागता येतो.

तीन-चार महिन्यांनी तेच खातेदार पुन्हा भेटले. चिरंजीवांनी मूळ खेळातील आणखी चार मोहिमा संपविल्या, दिवाळीचे पैसे राखून ठेवले आणि विक्री लागताच पुरवणी स्वतःच घेतली. राजेंद्र चोळाची मोहीम खेळताना, अकराव्या शतकात बंगळुरूचा परिसरही चोळांच्या सत्तेखाली होता, हे त्यानेच वडिलांना सांगितले. "खरे सांगू का, मी नकार देण्याच्याच तयारीने आलो होतो," ते म्हणाले. नकार दिला असता तर पैसे वाचले असते, आणि लगेच होकार दिला असता तर मूल तेवढ्यापुरते आनंदले असते. हिशेब मुलाच्याच हाती दिल्यामुळे त्याला निर्णय घेता येऊ लागला, आणि पुढे त्याचे स्वतःचे खाते उघडले जाईल तेव्हा हीच शिदोरी त्याच्या कामी येईल.