खोक्यावरचे १५ बार

घरगुती एस्प्रेसो मशीनच्या खोक्यावर सगळ्यांत ठळक छापलेला आकडा असतो १५ बार. काही कंपन्या २०वर जातात. दुकानदार त्याच आकड्यावर बोट ठेवतो, आणि जास्त बार म्हणजे जास्त कडक कॉफी असा हिशेब गिऱ्हाईक मनातल्या मनात करून मोकळं होतं. प्रत्यक्षात एस्प्रेसोला लागतो साधारण ९ बार दाब, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या नऊपट. उरलेले सहा किंवा अकरा बार कपात कधीच उतरत नाहीत.

ते जातात कुठे, हे कळायला मशीनच्या पोटात डोकवावं लागतं. घरगुती मशीनमध्ये बहुधा कंपनावर चालणारा पंप असतो. तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्याच्या आत स्प्रिंगवर बसलेला छोटा पोलादी दट्ट्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून हा दट्ट्या सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होतो. बटण दाबल्यावर ऐकू येणारी घरघर त्याचीच. या पंपाचा स्वभाव असा, की पाणी जितकं मोकळं वाहील तितका त्याचा दाब उतरतो. १५ बार हा आकडा पाणी वाहणं जवळपास थांबलेलं असतानाचा आहे. आणि पाणीच वाहणार नसेल तर कॉफी कुठून येणार? याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहा: पोर्टाफिल्टरमध्ये, म्हणजे कॉफी भरायच्या दांडीवाल्या भांड्यात, कॉफी न घालता मशीन सुरू करा. पाणी भराभरा पडेल आणि दाब नावालाच राहील. पंप नुसतं पाणी ढकलतो. दाब तयार होतो तो कॉफीने त्या पाण्याची वाट अडवली म्हणून. बऱ्या मशीनमध्ये जादा दाब सोडून देणारी झडप असते. दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की ती उघडते आणि जास्तीचं पाणी टाकीत परत पाठवते. खरेदी करताना विचारायचं ते हे, की झडप आहे का आणि ती किती बारला लावली आहे. विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही तर खोक्यावरच्या आकड्याचं काय करायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.

एस्प्रेसोचा इतिहासही या दाबाभोवतीच फिरतो. तुरिनच्या अँजेलो मोरिओंदो याने १८८४मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१मध्ये त्याला एकेक कप झटपट काढण्याजोगं रूप दिलं. या यंत्रांत बॉयलरमधली वाफच पाणी रेटत असे. पण वाफेचा दाब वाढवायचा तर तापमानही वाढणार, आणि तापमान वाढलं की कॉफी करपट लागणार. त्यामुळे दीड-दोन बारच्या पुढे गाडी सरकेना. ही कोंडी फोडली मिलानच्याच अकिले गॅजियाने. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या त्याच्या यंत्रात पाणी रेटण्याचं काम वाफेकडून काढून तरफ आणि स्प्रिंगकडे दिलं होतं. उष्णता एकीकडे, दाब दुसरीकडे. दाब एकदम ८-९ बारवर गेला आणि कपावर तांबूस दाट फेस आला, तोच क्रेमा. १९६१मध्ये फाएमा कंपनीच्या ‘ई-६१’ने तरफेच्या जागी विजेचा पंप आणला. त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून मशीनला हे नाव मिळालं. तिची भरभक्कम पितळी धाटणी आजही महागड्या घरगुती मशीनवर दिसते.

पाण्याची वाट कॉफी किती अडवते, याचं गणित मात्र कॉफीशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाने मांडून ठेवलं आहे. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करणाऱ्या आँरी दार्सी या अभियंत्याने वाळूच्या थरांतून पाणी सोडून मोजमापं घेतली आणि १८५६मध्ये ती प्रसिद्ध केली. जमिनीतून पाणी किती वेगाने पाझरेल हे भूजलाचे अभ्यासक आजही दार्सीच्याच नियमाने काढतात. पोर्टाफिल्टरमधल्या कॉफीच्या थरालाही ढोबळमानाने तोच नियम लागतो: दाब वाढला की प्रवाह वाढतो, थर जाड झाला की घटतो. पण सगळ्यांत वरचढ ठरतो तो कणांचा आकार, कारण थराची पाझरक्षमता कणांच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. कण निम्म्या आकाराचे झाले की पाण्याचा वेग निम्म्यावर नाही, चौथाईवर येतो. दाब नवाचा आठ झाला तर कॉफीचं फारसं बिघडत नाही. दळण जरासं जाड झालं तर मात्र अर्ध्या मिनिटाचा शॉट, म्हणजे एका वेळी काढलेली कॉफी, दहा-बारा सेकंदांत भळाभळा संपतो. जरासं बारीक झालं तर पंप घरघरत राहतो आणि कपात थेंब पडत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आधी ग्राइंडर ठरवा, उरलेल्या पैशांत बसेल ती मशीन घ्या. एकूण रकमेतला अर्धा वाटा ग्राइंडरला गेला तरी हळहळू नये. घरचा मिक्सर इथे कामाचा नाही. त्याचं पातं दाण्यांना झोडपतं, आणि भांड्यात पीठही असतं, कणीही असते. असा माल भरला की पाणी जिथे कणी आहे तिथून वाट काढतं, त्या वाटेवरच्या कॉफीतलं सगळं, अगदी नको ते कडूसुद्धा, धुऊन नेतं, आणि शेजारच्या कॉफीला धड भिजवतही नाही. कप एकाच वेळी आंबट आणि कडू लागतो. एस्प्रेसोला लागतो तो बर ग्राइंडर: जात्यासारखेच दोन दातेरी भाग, फक्त पोलादाचे किंवा सिरॅमिकचे, आणि त्यांच्यातलं अंतर केसाएवढं कमीजास्त करता येणारं. हाताने फिरवायचे चांगले ग्राइंडरही मिळतात आणि त्याच दर्जाच्या विजेच्या ग्राइंडरपेक्षा स्वस्त पडतात. सकाळी दंडाला थोडा व्यायाम होतो इतकंच. दळताना पूड स्थिर विजेने चिकटून तिचे गोळे होतात. त्यावर दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचे एक-दोन थेंब मारण्याची युक्ती कॉफीवेडे बरीच वर्षं करत आले आहेत. ओरेगॉन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३मध्ये मोजून दाखवलं, की त्याने स्थिर वीज खरंच कमी होते आणि कॉफीही जास्त उतरते.

दळलेली कॉफी पोर्टाफिल्टरमधल्या जाळीच्या वाटीत, म्हणजे बास्केटमध्ये, भरून टॅम्पर नावाच्या सपाट ठोकळ्याने दाबतात. किती जोराने दाबावी यावर चिकार वाद झडतात, पण साधा गुणाकार केला तर त्यातली हवा निघून जाते. ५८ मिलिमीटर व्यासाच्या बास्केटचं क्षेत्रफळ होतं सुमारे २६ चौरस सेंटिमीटर. त्यावर ९ बार दाबाचं पाणी म्हणजे जवळजवळ २४० किलोचा भार. आपण हाताने देतो फार तर १५-२० किलो. त्या पाण्यापुढे आपल्या जोराची मातब्बरी ती काय? दाबायचं ते थर सपाट व्हावा आणि मधल्या पोकळ्या जाव्यात म्हणून. टॅम्पर तिरका पडला की पाणी थराच्या पातळ बाजूने पळतं. तेवढं सांभाळलं की झालं.

स्वस्त मशीनबरोबर बऱ्याचदा दुहेरी तळाची बास्केट येते. वरचा तळ नेहमीसारखा जाळीचा, खालच्या तळाला मात्र एकच सुईएवढं भोक. दाब कॉफीमुळे नाही, त्या भोकामुळे तयार होतो. त्यामुळे तयार पूड वापरली, दळण कसंही असलं, तरी कपावर फेस दिसतो. हा फेस बराचसा त्या भोकातून पिचकारी उडाल्याने झालेला. नाव क्रेमाचं, काम भोकाचं. ग्राइंडर घ्यायचाच नसेल तर ही बास्केट गैरसोयीची नाही, हेही कबूल. पण पुढे ग्राइंडर घ्यायचा विचार असेल तर त्या मशीनला एकेरी तळाची बास्केट मिळते का, हे आधी बघून ठेवावं.

आता मशीन. तिच्याकडून मागायचं ते एवढंच, की ९०पासून ९६ अंश सेल्सिअसपर्यंतचं पाणी स्थिर तापमानाला द्यावं. छोट्या, सडपातळ मशीनमध्ये थर्मोब्लॉक असतो. पाणी तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातून जाता जाता गरम होतं, त्यामुळे मशीन मिनिटभरात तयार. एका बॉयलरच्या मशीन जास्त दणकट. गॅजिया क्लासिक हे त्यातलं जुनं, सुटे भाग सहज मिळणारं नाव. यात साधा थर्मोस्टॅट असेल तर तापमान काही अंश वरखाली झुलतं. पीआयडी नावाचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असेल तर ते एका अंशाच्या आत राहतं. या सोयीला पैसे मोजावेत असं मला वाटतं. दोन बॉयलरची मशीन कॉफी आणि वाफ एकाच वेळी देते. रोज दोन कप लागणाऱ्या घरात तिचं काम पाहुणे आल्यावरच. ई-६१ धाटणीच्या मशीन देखण्या खऱ्या, पण तापायला अर्धा तास घेतात. वीज न लागणाऱ्या हाताच्या तरफेच्याही मिळतात. पाणी किटलीत तापवायचं आणि दाब स्वतः द्यायचा. छोट्या स्वयंपाकघरात त्या फार शहाण्या. आणि हो, ओट्यावरचा सॉकेट ६ अँपिअरचा आहे की १६चा, तेही पाहून घ्या. २३० व्होल्टला ६ अँपिअरची मर्यादा १,३८० वॉटवर संपते.

तापमानाचा खरा घोटाळा होतो तो पोर्टाफिल्टरपाशी. अर्धा किलो पितळ एक अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, तितक्यात ४५ ग्रॅम पाणी एक अंशाने तापतं. कपात उतरते ती कॉफी असते ३६ ग्रॅम. गार पोर्टाफिल्टर लावला की पाण्यातली केवढी उष्णता तो गिळेल, याचा अंदाज करा. मशीन तापत असतानाच तो जागेवर अडकवून ठेवावा, आणि आधी एकदा कॉफीशिवाय गरम पाणी सोडून घ्यावं.

मग शॉट. सुरुवातीला १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा इथे चैन नाही, कारण चमच्याने मोजलेल्या कॉफीत ग्रॅम-दोन ग्रॅम सहज इकडेतिकडे होतात. पाण्यात आधी आम्लं उतरतात, मग गोडवा, कडवटपणा मागाहून. लवकर संपलेला शॉट म्हणून आंबट, रेंगाळलेला कडू. आंबट लागली तर दळण एक घर बारीक, कडू लागली तर एक घर जाड. वजन तेच ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं हे कळायचा मार्ग बंद होतो. बारीक दळत गेलं की कॉफी जास्त उतरते हा समजही अर्धाच खरा आहे. हेंडन यांच्याच गटाने गणितज्ञांच्या मदतीने २०२०मध्ये दाखवून दिलं, की एका मर्यादेपुढे बारीक पूड थरात जागोजाग तुंबते, पाणी उरलेल्या वाटांनी जातं आणि कॉफी उलट कमी उतरते. त्यांनी सुचवलं, की २० ग्रॅमऐवजी १५ ग्रॅम घ्या आणि जरा जाड दळा. रोजचा कप एकसारखा येईल. कॉफीही वाचते. कॉफीबारवाल्यांच्या जुन्या सवयीविरुद्ध जाणारा हा सल्ला करून बघण्यासारखा आहे.

दाण्यांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात, मुख्यतः चिक्कमगळुरू आणि कोडगूत पिकते. थोडी आपल्या चिखलदऱ्यालाही होते. भारतीय कॉफीचं इटली हे फार मोठं गिऱ्हाईक आहे, आणि तिकडच्या एस्प्रेसोच्या मिश्रणांत आपला रोबस्टा जातीचा दाणा असतो. रोबस्टाने क्रेमा दाट येतो, कॅफीन मात्र अरेबिका जातीच्या जवळपास दुप्पट. पाकिटावर भाजल्याची तारीख असलेले दाणे घ्यावेत. भाजताना दाण्यांत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि क्रेमाचे बुडबुडे त्याचेच. भाजून दोनच दिवस झाले असतील तर तो इतका उसळतो की पाणी नीट झिरपत नाही, आठवडा ते तीन आठवडे हा चांगला काळ. महिने उलटलेल्या दाण्यांत फेसापुरताही वायू उरत नाही. आणि चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीची पूड मशीनमध्ये घालू नये. चिकोरी पाण्यात कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, त्यामुळे वेळ आणि वजन यांचा सगळा हिशेब कोसळतो. ती पूड पितळी फिल्टरमध्येच शोभते.

दूध वाफेने तापवताना वाफ दुधात विरते आणि पाणी होते: १५० मिलिलीटर गार दूध ६० अंशांवर नेताना त्यात सुमारे १३ ग्रॅम पाणी मिसळतं. म्हणूनच नळीतून आधी जमलेलं पाणी झटकून टाकावं, नाहीतर त्यात आणखी भर. सुरुवातीची काही सेकंदं नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाशी धरून हवा आत घ्यायची, मग खाली बुडवून दूध गरगरवायचं. भांड्यावर हात ठेववेनासा झाला की थांबायचं. ७०च्या पुढे दुधाला शिजल्याचा वास येतो. तापवून गार केलेलं दूध असेल तर साय आधी काढा.

राहिलं पाणी, ज्यावर मशीनचं आयुष्य ठरतं. बोअरचं क्षाराचं पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट बॉयलरच्या भिंतींवर आणि बारीक नळ्यांत बसतं. मशीन बिघडण्याचं हे नेहमीचं कारण. माहितीपुस्तिका परवानगी देत असेल तर लिंबूसत्वाच्या पाण्याने ते अधूनमधून काढता येतं. यावर उपाय म्हणून नुसतं आरओचं पाणी भरलं तर दुसरी अडचण. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अगदीच नसलेल्या पाण्यात कॉफी सपक लागते. शिवाय मोठ्या मशीनच्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी ओळखायला विजेची सळई असते, आणि क्षार नसलेल्या पाण्यातून वीज धड वाहत नाही. सळईला पाणी लागलं तरी बॉयलर रिकामाच आहे असं समजून मशीन पाणी भरतच राहते. आरओच्या पाण्यात थोडं साध्या फिल्टरचं पाणी मिसळलं की दोन्ही अडचणी सुटतात.