कटर कापत नाही तेव्हा

सोयाबीन घरात आलं की वाशीम जिल्ह्यात धुऱ्यांची कामं निघतात. वावरावर सावली धरणारी बाभूळ छाटायची, वाळलेला कडूलिंब पाडायचा, हिवाळ्याचं जळतण रचायचं. मंगरुळपीर आणि कारंज्याकडच्या संत्राबागांत सल काढायची असते. मृगाच्या आधीच्या वादळात अकोला-वाशीम-हिंगोली रस्त्यावर झाड आडवं झालं, तर ट्रकांची रांग लागायच्या आत ते तोडावं लागतं. ही सगळी कामं पूर्वी कुऱ्हाडीवर आणि दोघांनी ओढायच्या करवतीवर चालत. आता त्यांना चेनसॉ लागतो. गावात त्याला कटर म्हणतात, आणि तो शेजारच्या चार घरी उसना फिरतो. उसन्या फिरणाऱ्या वस्तूची निगा कुणाचीच नसते, हे वेगळं सांगायला नको.

दुरुस्तीला येताना मालक सांगतो, ‘मशीन उचलत नाही, इंजिन गेलं.’ तोपर्यंत त्याने कार्बोरेटरच्या तिन्ही स्क्रूंना स्क्रूड्रायव्हर लावलेला असतो. इंजिन मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असतं. बोथट झालेली असते ती चेन. कुऱ्हाडीची धार गेली की ती लाकडावरून घसरते आणि हाताला लगेच कळतं. कटरमध्ये ही उणीव इंजिन आपल्या जोरावर झाकून नेतं, माणूस वरून दाबतो, चेन जिच्यावर फिरते ती पट्टी तापून निळी पडते, क्लच घासतो, आणि शेवटी दोष इंजिनावर येतो.

धार आहे की गेली, हे भुसा सांगतो. धारदार चेन लाकडाच्या ढलप्या उडवते आणि स्वतःच्या वजनानेच आत उतरते. पिठासारखी भुकटी पडू लागली, धूर निघाला किंवा हाताने दाब द्यावा लागला, तर तिथेच थांबावं. मशीन कापता कापता एका बाजूला वळत असेल, तर डावे आणि उजवे दात सारख्या लांबीचे राहिलेले नाहीत, किंवा पट्टीच्या दोन कडांपैकी एक जास्त झिजली आहे.

या दातांचा इतिहास मजेदार आहे. साखळीची करवत पहिल्यांदा माणसाच्या हाडासाठी बनली. जर्मन वैद्य बर्नहार्ड हाइने यांनी १८३० च्या सुमारास हाड कापायचं साखळीचं हत्यार तयार केलं. आंद्रेआस श्टील यांचा विजेवरचा चेनसॉ १९२६ चा, त्यानंतर पेट्रोलवरचे आले. पण त्यांच्या साखळीचे दात साध्या करवतीसारखे होते आणि त्यांना धार लावता लावता जीव जाई. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने ओंडका पोखरणारी एक अळी पाहिली. तिचे जबडे डावी-उजवीकडे लाकूड कुरतडत होते. त्यावरून त्याने वाकड्या टोकाचे, आळीपाळीने डावे-उजवे दात असलेली साखळी बनवली. आज आपल्या हातात असते ती चेन त्याच वंशातली.

या वाकड्या दाताला चपटी कानस चालत नाही. गोल कानसच हवी, तीही चेनच्या मापाची. बाजारात खूप खपणाऱ्या ५८ सीसी मशीनना बहुधा .३२५ पिचची चेन असते, तिला ४.८ मिलिमीटरची कानस लागते. छोट्या मशीनवरच्या अरुंद ३/८ चेनला ४ मिलिमीटरची. पट्टी घट्ट धरून, दातावर कोरलेल्या रेषेला समांतर, साधारण ३० अंशांत, आतून बाहेर कानस ढकलायची. परत आणताना उचलून आणायची. दाताच्या वरच्या अंगाला क्रोमियमचा कडक मुलामा असतो, बाहेरून आत घासलं तर तो तुटतो आणि कानसही मरते. एका बाजूच्या सगळ्या दातांना सारखेच हात, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूला तितकेच. पेट्रोल भरायला थांबता तेव्हाच दोन-तीन हात मारले, तर दुकानात जायची पाळी क्वचित येते. ग्राइंडरवर पटकन धार लावून देणारे भेटतात, पण दात निळा पडेपर्यंत तापवला तर त्याचं पाणी उतरतं. मला तरी हाताची कानसच भरवशाची वाटते.

प्रत्येक दातासमोर एक बुटका उंचवटा असतो. दात किती खोल शिरायचा, हे तो ठरवतो. दात घासून खाली आला की हा उंचवटा वर राहतो. धार असूनही मशीन नुसती पावडर काढते. चार-पाच वेळा धार लावून झाली की तो चपट्या कानशीने उतरवायचा, दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली. त्याहून जास्त उतरवला, तर चेन लाकूड ओरबाडते आणि मशीन उलट अंगावर येते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तरी हेच होतं. म्हणून टोकाने कापू नये, खांद्याच्या वर मशीन नेऊ नये, आणि पुढचा ब्रेक लागतो की नाही, हे रोज पाहावं. गळ्यातला दुपट्टा आधी काढून ठेवावा.

आपल्या भागात धार मरायची दोन कारणं पक्की. एक काळी माती: जमिनीवर पडलेला ओंडका पूर्ण कापला की चेन मातीत शिरते, आणि एवढ्यानेच सकाळची धार जाते. ओंडक्याखाली आडवी फांदी सरकवली तर हे टळतं. दुसरं, धुऱ्यावरच्या झाडात बुजलेली तार. कुंपणाचे खिळे आणि काटेरी तार वीस वर्षांत झाडाच्या पोटात जातात. बाभळीत टॅनिन भरपूर असतं, त्यामुळे लोखंडाभोवतीचं लाकूड काळंनिळं पडतं. कापलेल्या तोंडावर असा डाग दिसला, तर पुढचा काप वीतभर सरकवून घ्यावा.

आता इंजिनाकडे. चेनसॉला फक्त पेट्रोल चालत नाही, हे ज्यांनी लूना किंवा चेतक चालवली त्यांना सांगावं लागत नाही. त्या काळी पंपावर टू-टी ऑइलची वेगळी तोटी असे. दुचाक्या फोर-स्ट्रोक झाल्या आणि ती सवय मोडली. मोटरसायकलच्या टाकीतून काढलेलं कोरं पेट्रोल कटरमध्ये ओतलं की थोड्याच वेळात पिस्टन घासून जाम होतो, आणि मग खर्च मशीनच्या निम्म्या किमतीपर्यंतही जातो. माहितीपत्रकात ५०:१ असेल तर लिटरला २० मिलिलिटर ऑइल, २५:१ असेल तर ४०. झाकणाने अंदाजे नको. दवाखान्यातली सुई काढलेली सिरिंज यासाठी उत्तम.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं आणि रबरी नळ्या, कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक करतं. अनेक मशीनच्या माहितीपत्रकात इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते. म्हणून मिश्रण आठवडाभर पुरेल तेवढंच करावं. पावसाळ्यात मशीन ठेवून द्यायची असेल, तर टाकी रिकामी करून, उरलेलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावी. दिवाळीला ‘काल-परवापर्यंत चांगली होती’ म्हणून आणलेल्या मशीनमध्ये जूनचं पेट्रोल असतं.

सुरूच होत नसेल, तर आधी बटण पाहा. हसू नका, बंद असलेल्या बटणावर खांदा दुखेपर्यंत दोरी ओढणारे आहेत. थंड मशीनला चोक ओढायचा, पण एकदा ‘फट्’ असा आवाज आला की तो मागे घ्यायचा. तसं न करता ओढत राहिलं की पेट्रोल साचतं. प्लग काढून पाहा: ओला असेल तर साचलंय, प्लग पुसून, चोक उघडून, दोरी अनेकदा ओढून आतलं पेट्रोल बाहेर काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही: टाकीतला फिल्टर, तडकलेली नळी किंवा कार्बोरेटरचा पडदा, या क्रमाने. प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर साधारण ०.५ मिलिमीटर ठेवा. प्लगचा रंगही वाचता येतो. कॉफीसारखा तपकिरी उत्तम. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळा आणि चिकट म्हणजे ऑइल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. एप्रिल-मेच्या धुळीत फिल्टर रोज झटकावा लागतो. पांढऱ्या प्लगसोबत इंजिन आपोआप रेस धरत असेल, तर कुठून तरी हवा शिरतेय. ते काम मिस्त्रीचं.

चालू झाल्यावर, रेस न देता चेन फिरत असेल, तर आयडलचा स्क्रू किंचित मागे घ्या. तरी फिरली तर क्लचची स्प्रिंग ढिली आहे. चेनच्या ऑइलची टाकी वेगळी असते. पेट्रोल संपलं आणि ऑइल तसंच भरलेलं, तर नळी तुंबली आहे. पट्टीचं टोक कोरड्या लाकडाजवळ धरून रेस द्या; ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. गाडीचं जळकं ऑइल इथे ओतण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्यातल्या धातूच्या कणांनी पंप आणि पट्टी दोन्ही झिजतात. संत्र्याच्या झाडावर तर ते मुळीच नको. बागेत रोग पसरू नये म्हणून एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना चेन सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने पुसून घ्यावी, आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी.

पट्टी रोज उलटवून बसवा आणि तिच्या खोबणीतला गाळ पातळ पत्र्याने काढा. चेनचा ताण थंड असताना पाहायचा. ती हाताने सहज फिरली पाहिजे, पण पट्टीखाली लोंबायला नको. काम संपल्यावर ताण थोडा सैल करा, कारण तापलेली चेन थंड होताना आखडते आणि क्रँकशाफ्टला ओढते.

झाड सागाचं किंवा आंब्याचं असेल, तर १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमानुसार परवानगी आधी काढावी. वाहतुकीचा पास नसला तर कापलेलं लाकूड वावरातच पडून राहतं.

नवी चेन आणायला जाताना फक्त ‘२२ इंची’ सांगून भागत नाही. पिच, पट्टीच्या खोबणीत बसणाऱ्या खालच्या कड्यांची जाडी आणि त्यांची संख्या, हे तिन्ही जुन्या चेनवरून मोजून कागदावर लिहून न्या.