ज्वारीवरील टारफुला व त्याचा बंदोबस्त

पुरेसा पाऊस होऊनही हलक्या, निकस जमिनीतील ज्वारी कोमेजून पिवळी पडते, तेव्हा तिच्या बुडाशी टारफुल्याची वीतभर उंचीची, पांढऱ्या फुलांची रोपे पुष्कळदा आढळतात. हे तण जमिनीत ज्वारीच्या मुळांना चिकटते आणि त्यांतील पाणी व अन्नरस शोषून घेते. रोप वर दिसण्यापूर्वीच पिकाचे बरेच नुकसान झालेले असते. म्हणून टारफुला उपटण्याचा लाभ चालू पिकापेक्षा पुढील पिकांस अधिक होतो.

एका झाडापासून धुळीसारख्या बारीक हजारो बिया तयार होतात. वारा, वाहते पाणी, अवजारे व शेणखत यांबरोबर त्या पसरतात आणि जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहतात. ज्वारीच्या मुळांतून पाझरणारा रस मिळाला म्हणजे त्या रुजतात. कापूस व भुईमूग यांच्या मुळांमुळेही त्या रुजतात; परंतु या पिकांवर टारफुल्याचे पोषण होत नाही व कोवळे कोंब मरून जातात. यास्तव टारफुला पडलेल्या शेतात ज्वारीवर पुन्हा ज्वारी किंवा बाजरी न घेता ही पिके घ्यावीत. जमिनीस शेणखत व नत्रयुक्त खत द्यावे.

टारफुला फुलण्यापूर्वीच उपटावा. फुले आलेली रोपे बांधावर वा उकिरड्यात न टाकता जाळून टाकावीत. शेजारच्या शेतातून बी येतच असते. तेव्हा हे काम सर्व गावाने एकाच वेळी करणे हिताचे ठरते. एका हंगामाची हयगय पुढे अनेक वर्षे भोवते.