डाळिंबावरच्या फवारणीचा दवाखान्यातल्या अँटिबायोटिकशी काय संबंध?

आटपाडी, जत, माण, खटाव. सांगली-साताऱ्याच्या या दुष्काळी पट्ट्यात ज्याची डाळिंबाची बाग आहे, त्याच्या पोटात ‘तेल्या’ हा शब्द ऐकूनच गोळा येतो. पानावर, फळावर तेल सांडल्यासारखे डाग पडतात. मग फळ तडकतं आणि टँकरच्या पाण्यावर जगवलेली बाग डोळ्यांदेखत हातची जाते.

तेल्या हा बुरशीचा रोग नाही. तो होतो झँथोमोनास नावाच्या बॅक्टेरियामुळे. म्हणूनच त्यावर शेतकरी वर्षानुवर्षं जे फवारत आलेत, ते चक्क अँटिबायोटिक आहे. कृषी सेवा केंद्रातली स्ट्रेप्टोसायक्लीनची छोटी पुडी आठवतेय? तिच्यात ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि १० टक्के टेट्रासायक्लीन असतं. यातलं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं. टीबीवर लागू पडलेलं ते पहिलं अँटिबायोटिक.

आता तुम्ही म्हणाल, झाडाचं औषध झाडाला, माणसाचं माणसाला. यात बिघडलं कुठं?

बिघडतं ते मातीत. पंपातून उडालेलं औषध फक्त तेल्याच्या जंतूवर पडत नाही. ते पानावरच्या आणि झाडाखालच्या मातीतल्या असंख्य बॅक्टेरियांवरही पडतं. बरेचसे मरतात किंवा त्यांची वाढ थांबते. पण काहींकडे या औषधाला निकामी करणारं जनुक आधीपासूनच असतं. यात नवल काही नाही, कारण स्ट्रेप्टोमायसिन बनवतो तोच मुळात मातीतला एक बॅक्टेरिया. स्वतःच्याच विषाने मरू नये म्हणून त्याच्याकडे उतारा असतो.

जनुकांची उसनवारी

आपल्याला जनुकं मिळतात ती आई-वडिलांकडून. बॅक्टेरिया मात्र ती शेजाऱ्याकडूनही घेतात. शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी चालतं.

हे पहिल्यांदा लक्षात आलं १९२८ मध्ये. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी न्यूमोनियाचे मेलेले घातक जंतू आणि जिवंत पण निरुपद्रवी जंतू एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले! जिवंत जंतूंनी मेलेल्यांचा गुण उचलला होता. कधी बॅक्टेरियाला लागण करणारा विषाणू चुकून एकाचं जनुक दुसऱ्याकडे नेतो, तो दुसरा मार्ग.

पण आपल्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा आहे तिसरा मार्ग. मुख्य गुणसूत्राशिवाय अनेक बॅक्टेरियांकडे डीएनएचं एक छोटं कडं असतं, त्याला प्लाझमिड म्हणतात. दोन बॅक्टेरिया एकमेकांना चिकटतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे या कड्याची प्रत जाते. शेजारणीकडून विरजण आणतो ना, अगदी तसं. तिचं दही संपत नाही आणि आपलंही लागतं. (विरजण म्हणजेही बॅक्टेरियाच, पण तो वेगळा विषय.)

या प्लाझमिडवर काय काय असतं? एखादं जनुक स्ट्रेप्टोमायसिनच्या रेणूला फॉस्फेट चिकटवून त्याला निकामी करणारं एन्झाइम बनवतं. दुसरं टेट्रासायक्लीन पेशीबाहेर उपसून टाकणारा पंप बनवतं. एकाच प्लाझमिडवर चार-पाच औषधांचे उतारे असू शकतात. खरी गोम इथे आहे. फवारलं एकच औषध, पण त्यातून जो बॅक्टेरिया वाचला त्याच्यासोबत बाकीच्या औषधांचे उतारेही वाचले.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. अमेरिकेत सफरचंद आणि नासपतीच्या बागांत एका जिवाणूजन्य रोगावर स्ट्रेप्टोमायसिन फवारलं जायचं. तिथल्या रोगजंतूंमध्ये स्ट्रेप्टोमायसिन निकामी करणारी जी जनुकांची जोडी सापडली, तीच जोडी माणसांमध्ये आणि जनावरांमध्ये आढळणाऱ्या बॅक्टेरियांतही आहे. जनुक कुठून कुठे गेलं हे दरवेळी सांगता येत नाही, पण बाग आणि दवाखाना यांच्यात भिंत नाही एवढं त्यातून दिसतं.

मग डाळिंब खायचं नाही का?

खुशाल खा. डाळिंब खाल्लं म्हणून टीबीचं औषध लागू पडणार नाही, असा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला तर पुढे पाठवू नका. टीबीचा जंतू अशी उसनवारी जवळजवळ करतच नाही. तो औषधाला दाद देईनासा होतो ते स्वतःच्या जनुकात बदल होऊन, बहुतेक वेळा उपचार अर्धवट राहिल्यामुळे. काळजी आहे ती आतड्यातल्या, सांडपाण्यातल्या आणि मातीतल्या इतर बॅक्टेरियांची. ते ही देवाणघेवाण सर्रास करतात.

सरकारलाही हा धोका दिसला होता. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने एक मसुदा आदेश काढला. १ जानेवारी २०२४ पासून शेतीत या दोन्ही अँटिबायोटिकचा वापर पूर्ण बंद करावा, असा प्रस्ताव त्यात होता.

पण शेतकऱ्याला नुसतं ‘फवारू नका’ म्हणणं सोपं आहे. त्याचं कर्ज त्या बागेवर असतं. तेल्याला पावसाळी हवा मानवते, म्हणून मृग बहार टाळून हस्त किंवा आंबे बहार धरायचा, रोगट फांद्या छाटून जाळायच्या, कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करायची आणि बोर्डो मिश्रण वापरायचं, हे उपाय आहेत. कष्टाचे आहेत, पण आहेत. बोर्डोतही डोळे झाकून हात सैल सोडता येत नाही. त्यात असतं तांबं, आणि तांब्याला न जुमानणारी जनुकं झँथोमोनासच्याच काही भावंडांमध्ये सापडली आहेत. तीही प्लाझमिडवरच.