जुन्या जीपगाडीचा थरकाप

यंत्र विनाकारण कधीं रुसत नाहीं. त्याच्या प्रत्येक तक्रारीस कांहीं कारण असतें आणि तें कारण शोधून काढण्याची एक ठराविक रीत असते. ती रीत न जाणतां सुटे भाग बदलीत सुटणें म्हणजे रोग न ओळखतां औषधें पाजीत बसण्यासारखें होय. जुन्या जीपगाडीच्या स्टिअरिंगला सुटणारा भयंकर थरकाप हें याचें उत्तम उदाहरण आहे.

जीप ही मूळची अमेरिकेंतील विलिस कारखान्याची गाडी. दुसऱ्या महायुद्धांत ती जगभर प्रसिद्ध झाली. पुढें १९४५ सालीं स्थापन झालेल्या व आज महिंद्रा अँड महिंद्रा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनें १९४७ सालीं मुंबईस तिची जुळणी सुरू केली. तिच्याच वंशांतील सीजे ३बी, एमएम ५४०, कमांडर इत्यादि गाड्या परतवाडा, धारणी, अकोट या बाजूला शेतीच्या, जंगलाच्या व उतारूंच्या कामीं वर्षानुवर्षें राबल्या; कांहीं अद्यापि राबत आहेत.

अशी गाडी ताशीं साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगांत असतां एखाद्या खड्ड्यावरून किंवा पुलाच्या सांध्यावरून जाते, आणि एकाएकीं पुढचीं दोन्ही चाकें डावीउजवीकडे असे हिसके देऊं लागतात कीं स्टिअरिंग हातांत ठरत नाहीं. इंग्रजी बोलणारे चालक यास ‘डेथ वॉबल’, म्हणजे मृत्यूचा थरकाप, असें म्हणतात. २०२२ च्या जून महिन्यांत अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून जागतिक विक्रम झाला, हें पुष्कळांस स्मरत असेल. रस्ते सुधारले, वेग वाढला. परंतु जुन्या गाडीचे सांधे जुनेच राहिले. चाळीसच्या वेगांत झांकून राहणारा दोष आतां सत्तरच्या वेगांत उघडा पडतो.

हा थरकाप उत्पन्न कसा होतो, तें प्रथम पाहूं. बैलगाडीच्या दोन चाकांना जसा एकच आंस असतो, तसा जुन्या जीपच्या पुढच्या चाकांनाहि एकच अखंड एक्सल असतो. प्रत्येक चाक किंगपिन नांवाच्या खुंटीवर वळतें, व दोन्ही चाकें टाय रॉडनें एकमेकांस बांधलेलीं असतात. एका चाकास बसलेला हिसका त्यामुळें दुसऱ्यासहि पोंचतो. किंगपिनचें वरचें टोंक किंचित् मागें कललेलें असतें. विलिस जीपमध्यें हा कल ३ अंशांचा असे. या कलामुळेंच वळलेलें चाक आपोआप सरळ होतें. परंतु सांधे सैल असले, तर सरळ होणारें चाक मध्यें न थांबतां पलीकडे जातें, पुन्हां परततें, पुन्हां पलीकडे जातें. झोपाळ्यास योग्य क्षणीं थोडथोडा रेटा मिळाला म्हणजे झोका जसा चढत जातो, तसाच हा प्रकार. येथें रेटा देणारी शक्ति गाडीच्या वेगांतूनच मिळते. वेग पुरेसा कमी झाला कीं थरकाप थांबतो, याचें कारण हेंच.

म्हणून रस्त्यावर असा प्रसंग आल्यास घाबरून एकदम ब्रेक दाबूं नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा, स्टिअरिंग घट्ट धरावें, पण अंगठे त्याच्या आरांत अडकवूं नयेत. वेग हळूहळू उतरूं द्यावा व गाडी कडेला घ्यावी. नंतर खोड कोठें आहे तें शोधल्यावांचून पुन्हां तो वेग गांठूं नये.

शोधाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. पहिली परीक्षा चाकांची. आपली काळी माती चाकाच्या आंतल्या बाजूस चिकटून वाळली, तर तेवढ्यानेंहि चाकाचा तोल जातो. तेव्हां चाकें धुवावीं. दोन्ही टायरांतील हवा सारखी आहे काय, टायरास फुगवटा आहे काय, चाकाचे नट घट्ट आहेत काय, हें पाहावें. पुढचीं चाकें मागें व मागचीं पुढें लावल्यावर थरकाप गेला, तर दोष टायरांत किंवा चाकांत आहे असें समजावें.

दुसऱ्या परीक्षेस दोघे लागतात; त्यांत एक शाळेंतला मुलगा किंवा मुलगीहि चालेल. इंजिन बंद असावें, चाकें जमिनीवर टेकलेलीं असावीं व हातब्रेक ओढलेला असावा. एकानें स्टिअरिंग थोडें थोडें डावीउजवीकडे हलवावें. दुसऱ्यानें स्टिअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंतच्या प्रत्येक सांध्यावर बोटें ठेवून पाहावें. जेथें एक भाग हलतो व त्यास जोडलेला भाग मागाहून हलतो, तेथें ढिलाई आहे. बॉक्स स्वतःच हलत असेल, तर त्याचे बोल्ट पाहावेत.

तिसरी परीक्षा मोठ्यांनींच करावी. मागच्या चाकांना दगड लावून पुढचें चाक जॅकनें उचलावें, आणि एक्सलखालीं भक्कम लाकडी ठोकळे द्यावे. नुसत्या जॅकवर विसंबूं नये. टायर वर व खालीं धरून हलवावा. खेळ जाणवल्यास दुसऱ्यास ब्रेक दाबावयास सांगावें. ब्रेक दाबतांच खेळ नाहींसा झाला, तर चाकाचें बेअरिंग सैल आहे. तरीहि राहिला, तर किंगपिन झिजली आहे. एवढ्या एका युक्तीनें पुष्कळ व्यर्थ खर्च वांचतो.

त्यानंतर स्प्रिंगचे पाटे, त्यांचे यू-बोल्ट व शॅकलचे बुश तपासावे. चाकांचे कोन मात्र शेवटीं, कारण सांधे सैल असतां घेतलेलें माप खरें नसतें. हौसेनें गाडी उंच केली असेल, तर किंगपिनचा कल बिघडलेला असण्याचा संभव फार; तो पाचर घालून सुधारतां येतो. एका वेळीं एकच दोष दूर करून, मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगानें, गाडी चालवून पाहावी. म्हणजे गुण कशानें आला हें कळतें.

पुष्कळ जण हा सर्व खटाटोप टाळून स्टिअरिंग डॅम्पर नांवाचा दांडा बसवितात. त्यानें हिसके शोषले जातात व थरकाप कांहीं दिवस दबतो. निरोगी गाडीस डॅम्पर उपकारकच आहे. परंतु झिजलेल्या सांध्यावर तो बसविणें म्हणजे तापल्या कपाळावर ओला फडका ठेवून ताप उतरला असें मानणें होय. आंत सांधा झिजतच राहतो, आणि ज्या दिवशीं तो सुटतो त्या दिवशीं गाडींत दहा-बारा माणसें असतात व ती चिखलदऱ्याचा घाट उतरत असते.

विद्यार्थिमित्रांनो, विज्ञानाची शिस्त प्रयोगशाळेपुरती नाहीं. क्रमानें पाहावें, हातानें पडताळावें व मूळ सांपडेपर्यंत थांबूं नये. आपल्या घरीं अशी गाडी असेल, तर वडिलांबरोबर सुटीच्या दिवशीं ही परीक्षा अवश्य करा. अर्ध्या दिवसाच्या त्या श्रमानें गाडींत बसणाऱ्या प्रत्येकाचा जीव सुरक्षित होईल.